शेवटचा रविवार

"बारा वर्षं म्हणजे फार झाली हो," साहेब म्हणाले. "जग कुठल्या कुठे गेलं."

"जग गेलं असेल. तुमचा मेनफ्रेम आहे तिथंच आहे," बाई म्हणाल्या.

त्या अवाढव्य संगणकावरचा, कोबॉल भाषेतला जुना प्रोग्रॅम गोदामातल्या गाड्यांचं वेळापत्रक लावायचा. सोमवारी सकाळी तो बसला तो उठेचना. फाटकाशी ट्रकांची रांग लागली. ऑफिसातल्या तरुणांनी हात टेकले, तेव्हा मंगळवारी तो पूर्वी सांभाळणाऱ्या बाईंना फोन गेला. शनिवारीच इस्त्री करून ठेवलेले कपडे घालून बुधवारी बाई हजर झाल्या.

साहेब तेच होते. खुर्ची मात्र आता मोठी होती. तेव्हा बाईंची सहा वर्षांची लेक सारखी आजारी पडायची, म्हणून त्यांनी लांब रजा मागितली होती. "घर किंवा नोकरी, एक काय ते ठरवा," असं याच साहेबांनी ऐकवलं होतं. बाईंनी ठरवलं होतं.

"शिकाऊ म्हणून घेतो. जमलं तर पुढचं बघू."

"माझी जुनी जागा, जुना हुद्दा. आधी कागदावर, मग प्रोग्रॅमला हात."

"ही अडवणूक झाली, बाई."

"अडवलंय प्रोग्रॅमनं. मी नुसती बसलेय."

खिडकीखाली एका ट्रकवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. साहेबांनी नाक मुरडत सही केली. बाईंनी कागद दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि मगच चष्मा लावला.

वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"सुट्ट्यांचा तक्ता संपलाय," त्या म्हणाल्या. "त्यात गेल्या रविवारपर्यंतच्याच सुट्ट्या आहेत. त्यापुढची तारीख आली की प्रोग्रॅम थांबतो."

"अरे, निदान वर्ष तरी पुरं करायचं. कुठल्या शहाण्यानं हे लिहिलं?"

बाईंची बोटं चालू होती. सगळ्या सुट्ट्या भरून त्यांनी प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. थोड्याच वेळात पहिला ट्रक फाटकाबाहेर पडला.

"आता कुठपर्यंत भरलात?"

"माझ्या निवृत्तीपर्यंत."

साहेब हसले. बाईही हसल्या.

बारा वर्षांपूर्वी, राजीनामा टाइप करण्याआधी, तक्त्यातला तो शेवटचा रविवार त्यांनीच टाइप केला होता. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, लेकीला अठरा वर्षं पूर्ण होणार होती.