एक वाजता हात हलवायचा

काकांचा हात हलत नव्हता.

सरसवालीने सुई दोऱ्यासकट पुस्तकाच्या पाठीत तशीच सोडली आणि पुस्तकं चिकटवायच्या सरसाच्या डब्याला टेकवलेला फोन डोळ्यांजवळ घेतला. पडद्यावर पाच चौकटी. बाकीच्यांची कामं चालू होती. काकांच्या चौकटीत दिव्याखाली एक घड्याळ उघडं पडलं होतं आणि त्याच्या शेजारी तपकिरी स्वेटरच्या बाहीतून आलेला उजवा हात, उताणा. बोटांवर घड्याळवाले घालतात त्या रबरी टोप्या. अकरा वाजून बावीस मिनिटं झाली होती.

एकेकट्याने काम करणारी ही पाच माणसं ऑनलाइनच भेटलेली. रोज सकाळी दहाला सगळे व्हिडिओ कॉल लावत. कॅमेरा फक्त टेबलावर, तोंडं दाखवायची नाहीत, आवाज बंद. रफूवाली रफू करी, दातवाला कवळ्या घाशी, भाषांतरवाला कीबोर्ड बडवी, काका घड्याळं दुरुस्त करत आणि सरसवाली पुस्तकं बांधे. एक वाजला की सगळ्यांनी कॅमेऱ्यासमोर हात हलवायचा आणि जेवायला उठायचं. बस्स. पण तेवढ्यावर सरसवालीचं अख्खं वर्ष निघालं होतं. त्याआधी ती खोलीत दिवसदिवस स्वतःशीच बोलायची, स्वतःशीच भांडायची आणि वर भांडणात हरायची.

काका उघडं घड्याळ कधीच सोडत नसत. शिंक आली तरी आधी त्यावर काचेचं झाकण ठेवत, मग शिंकत. दातवाल्याने त्यावरून त्यांची भरपूर चेष्टा केली होती. आज झाकण बाजूलाच पडलं होतं.

मध्ये काका पंधरा दिवस आले नव्हते. परतले ते आजारातून उठल्यासारखे. हात बारीक, काम संथ. पूर्वी चिमटा डाव्या हातात असायचा, आता उजव्यात. डावा दुखत असेल, असं सरसवालीने परस्पर ठरवून टाकलं. पूर्वी अकराला एक बायकी हात बाजूने येऊन चहाचा कप ठेवून जायचा, तोही बंद झाला. चहा वर्ज्य केला असेल डॉक्टरांनी. आपल्या नजरेतून काही सुटत नाही, असा तिचा स्वतःबद्दल समज होता. तेव्हापासून बाकीचे एक वाजता जरा जास्तच वेळ हात हलवत. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून, दुसरं काय.

तिने ग्रुपवर लिहिलं, 'काका हलत नाहीयेत.' तीन चौकटींतले हात एकदम थांबले. रफूवालीचं उत्तर आलं, 'पत्ता फक्त तुझ्याकडे आहे. आत्ताच्या आत्ता नीघ. आणि तिथे जरा सांभाळून बोल.'

पत्ता होता, कारण मागे तिने काकांना दुरुस्तीची वही बांधून पाठवली होती. हात न धुताच ती टॅक्सीत बसली. वाटेत प्रत्येक सिग्नल तिच्याच वाईटावर होता. ती फोनमधल्या चौकटीकडे बघत राहिली. हात उताणाच होता. ज्या माणसाचं तोंडही कधी पाहिलं नाही, त्याच्यासाठी आपण अर्धं काम टाकून असे धावत सुटू, हे तिला कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती.

तिसरा मजला. तिने बेल वाजवली आणि पडद्याकडे पाहिलं. काही नाही. पुन्हा वाजवली. काही नाही. तिसऱ्यांदा ती बटणावरून बोट काढायलाच तयार नव्हती. पडद्यावरची करंगळी हलली. मग हात चौकटीतून नाहीसा झाला. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग सपाता.

दार उघडलं. दारात एक म्हातारी बाई होती. अंगात तपकिरी स्वेटर, बोटांवर रबरी टोप्या, गालावर टेबलाच्या कडेचा वळ. सरसवालीच्या तोंडाकडे तिने पाहिलंच नाही. सरसाने माखलेल्या हातांकडे पाहिलं आणि ओळखलं.

काका गेले त्याला दोन महिने झाले होते. ते सांगायलाच काकू पंधरा दिवसांनी त्यांच्या खुर्चीत बसल्या होत्या. थंडी होती म्हणून त्यांचाच स्वेटर चढवला. बोलायला कुठलं बटण दाबायचं, ते शोधत होत्या. तेवढ्यात एक वाजला आणि चार हात हलले. काकूंनीही हलवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी टोप्याही घातल्या. रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता, म्हणून आज बसल्या जागी झोप लागली होती.

"मला यातलं काही येत नाही," काकू म्हणाल्या. "तेच एक घड्याळ रोज उघडते आणि मिटते. बाकीच्या तिघांना सांगू नकोस गं. ते यांच्यासाठी हात हलवतात. कळलं तर माझ्यासाठी कोण हलवणार?"

सरसवालीला भरून आलं. काकांसाठी, काकूंसाठी आणि थोडं स्वतःसाठीही. खोटं बोलावं तर गेलेल्या माणसाला रोज दहाला खुर्चीत बसवायचं. खरं सांगावं तर या बाईला खुर्चीतून उठवायचं. आणि तिकडे तिघं उत्तराची वाट बघत होते.

हातातला फोन थरथरला. रफूवालीचा निरोप होता. सरसवालीने तो एकदा वाचला, पुन्हा वाचला आणि फोन काकूंपुढे धरला.

'आम्ही तिघं केव्हाचे जीव मुठीत धरून बसलोय. काकू बऱ्या आहेत ना?'