उजव्या खांद्यावरचा पदर

हर्षालीनं पिशवीतून अकरा पुस्तकं काढून सिद्रामप्पांच्या बाजेवर मांडली. कागद पिवळा पडलेला, पिना गंजलेल्या. प्रत्येक मुखपृष्ठावर एक देखणी बाई, एक उंच केसांचा गडी आणि मागं बाग नाहीतर मोटार. प्रेमाच्या चित्रकथा. पन्नास वर्षांमागं नळदुर्गच्या स्टँडवर उघड विकल्या जायच्या आणि घरोघरी गादीखाली ठेवून वाचल्या जायच्या.

"आजोबा, ही चित्रं तुमचीच ना?"

"माझीच," सिद्रामप्पा म्हणाले. "पण आता काय त्याचं?"

आत त्यांची बायको महादेवी चहा गाळत होती. तिनं वळून बघितलं नाही. कान मात्र बाहेरच लागले होते.

पोरगी पुण्याच्या एका प्रकाशकाकडून आली होती. या साऱ्या पुस्तकांचं मिळून एक जाडजूड पुस्तक निघणार होतं आणि त्यावर चित्रकाराचं नाव येणार होतं. जुन्या पुस्तकांवर कुणाचंच नाव नव्हतं. सोलापूरचा तो प्रेसवाला चित्रकाराचं नाव छापतच नसे. आता तो वारला, आणि त्याचा मुलगा म्हणत होता, चित्रं आमच्या वडिलांनीच काढली. सिद्रामप्पांकडं दाखवायला एक चिठोरं नव्हतं. प्रेस बंद पडली तसे ते गावी आले आणि पुढची तीस वर्षं हायवेच्या ढाब्यांवर ट्रकच्या पाठी रंगवत बसले. कागद कोण जपतंय!

"सोमवारी छपाईला जाणार आहे," हर्षाली म्हणाली. "काढणाऱ्यालाच ठाऊक असेल असं काहीतरी सांगा. हे बघा, अकराच्या अकरा पुस्तकांत बाईचा पदर उजव्या खांद्यावर आहे. प्रेसवाल्याचा मुलगा म्हणतो, छापताना ब्लॉक उलटा पडला. पण त्याच चित्रात गड्याच्या शर्टाची बटणं बरोबर आहेत, दुकानाची पाटी सरळ आहे. उलटी आहे ती फक्त बाई. असं का?"

महादेवीच्या हातातली गाळणी थांबली.

सिद्रामप्पांनी समोरचं पुस्तक मिटून ठेवलं. "चुकलं असंल," ते म्हणाले.

"अकरा वेळा?"

"अकरा वेळा चुकलं असंल. सोडा की आता. ऐंशी वर्षं झाली मला, नाव घिऊन काय चाटायचंय?"

त्यांचा मुलगा भागवत दारात उभा होता. तो गावातल्या शाळेत हेडमास्तर. "मॅडम, ते थकलेत," तो म्हणाला. "आणि खरं सांगू का? असल्या पुस्तकांवर आमच्या घरचं नाव नसलेलंच बरं."

महादेवीला राग आला. पोराचा आलाच, पण म्हाताऱ्याचा जास्त आला. पदर उजव्या खांद्यावर का, हे जगात दोघांनाच माहीत होतं. लग्न झालं तेव्हा सोलापुरात दहा बाय दहाची खोली होती. ह्यांना गडी मनानं काढता यायचा, बाई यायची नाही. समोर बस म्हणून नव्या नवरीच्या विनवण्या केल्या. ती तयार झाली, पण आधी ह्यांना अणदूरला नेलं आणि खंडोबापुढं भंडारा उचलायला लावला, की हे कुणाला म्हणून सांगणार नाही. लोकांनी ऐकलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. आणि ह्या माणसानं ती शपथ अशी पाळली, की आज नाव हातचं जायला लागलं तरी तोंड उघडंना. एवढं बी इमान काय कामाचं, देवा!

तिनं चहाची कपबशी बाजेवर ठेवली.

"चुकलं न्हाय," ती म्हणाली. "तो माझा पदर हाय."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. तिचा चेहरा तापला, पण आता मागं फिरायचं नव्हतं.

"ह्यांच्याम्होरं बसायची लई लाज वाटायची मला. म्हणून म्या भिंतीकडं तोंड करून बसायची, आरशाम्होरं. हे माझ्यामागं बसून आरशातलं बघून काढायचे. आरशात डावा पदर उजव्या खांद्यावर दिसतो, बाई. ह्यांनी दिसलं तसं काढलं."

हर्षाली भराभर लिहायला लागली. सिद्रामप्पा बाजेवरून अर्धे उठले.

"अगं ए! भंडारा उचललाय म्या!"

"तुम्ही उचललाय. म्या कुठं उचललाय?"

सिद्रामप्पा परत खाली बसले. त्यांनी रागवायचा प्रयत्न केला, पण डोळे भरून आले. त्यांनी चहा बशीत ओतला आणि न पिताच खाली ठेवला.

"आई, काय बोलतीस हे?" भागवतचा आवाज चढला. "चार लोकांत काय तोंड दाखवू मी?"

 महादेवीनं पुस्तकं एकेक करून चाळली, एक निवडलं आणि त्याच्यापुढं धरलं. खूप वर्षांनी मोकळं झाल्यासारखं तिला वाटत होतं.

"हे बघ. ह्या एका पुस्तकात बाई सारखी कशाच्या तरी आड उभी हाय. कधी खुर्ची, कधी झाड, कधी मोटारीचं दार. का, ते इचार."

भागवतनं मान दुसरीकडं फिरवली.

"पाचवा म्हयना हुता मला," ती म्हणाली. "तू हुतास."

भागवतनं खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि पुस्तक हातात घेतलं.