परत फिरलेला प्रकाश

ताईचं चष्म्यांचं दुकान होतं. धाकट्या भावाचे लालभडक डोळे पाहून तिने त्याला नवा चष्मा करून दिला. "स्क्रीनचा निळा प्रकाश या काचांवरून बराचसा परत फिरतो," ती म्हणाली. "आणि फुकट मिळालाय म्हणून कुठेतरी विसरून येऊ नकोस, वेंधळ्या!"

नव्या नोकरीत तो कायम होणार की नाही, हे आजच्या ऑनलाइन मीटिंगनंतर मॅडम सांगणार होत्या. त्या आकडे समजावत होत्या आणि हा घरच्या टेबलाशी बसून, कपाळाला आठ्या घालून, स्क्रीनवरची नजर जराही ढळू देत नव्हता. मधूनच मानही डोलवायचा. इतका एकाग्र माणूस त्या मीटिंगमध्ये दुसरा नव्हता.

मॅडम बोलता बोलता थांबल्या, पुढे वाकल्या आणि त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहू लागल्या.

"चष्मा नवा दिसतोय."

"हो मॅडम. म्हटलं, डोळ्यांची काळजी घ्यावी."

"घ्या की. काचा अगदी आरशासारख्या आहेत."

 

मॅडम पुढे म्हणाल्या, "आता ती बदामची राणी किलवरच्या राजावर ठेवा, केव्हाची ताटकळलीये बिचारी. मग तुमच्या नोकरीचं बोलू."