गाणं कुणाचं

"पाच वाजले की उत्तर मेलवर येतंय न्हवं?" युवराजनं तिसऱ्यांदा विचारलं.

"हो," ज्ञानदा म्हणाली. पाचला अठरा मिनिटं कमी होती.

'सूरपेटी' या मराठी गाण्यांच्या ॲपवर कुणीही आपलं गाणं म्हणून टाकावं, आणि दुसरं कुणी 'हे माझं चोरलं' म्हणालं की ते निस्तरायला ज्ञानदा होतीच. तिचं नाव आणि होटगी रोडवरच्या या ऑफिसचा पत्ता नियमाप्रमाणे ॲपवर दिलेला होता. तो वाचून कुणी खरंच येऊन उभं राहील, असं तिला चार वर्षांत वाटलं नव्हतं. हा माणूस मंद्रूपहून आईला मोटारसायकलवर मागे बसवून आला होता. राजाबाई खुर्चीच्या कडेला टेकली होती आणि एसीच्या गारठ्यात पदर अंगाभोवती ओढत होती.

तक्रार राजाबाईच्या नावानं होती. तिनं रचलेलं हळदीचं गाणं कुणा बाईनं न विचारता ॲपवर टाकलं म्हणून. ज्ञानदानं गाणं झाकून ठेवलं, त्या बाईला कळवलं, आणि काल तिचं उत्तर आलं. उत्तरात नाव आणि राहता पत्ता लिहावाच लागतो. ते ठरल्या वेळी आपोआप तक्रारदाराला जातं, म्हणजे ज्याला कोर्टात जायचंय त्याला जाता यावं. नियम करणाऱ्याचा हेतू चांगलाच होता.

ज्ञानदानं ते उत्तर पुन्हा उघडलं. पत्त्याखाली लिहिलं होतं: 'गाणं माझ्या आईचं आहे. माझ्या हळदीला ते म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून मीच म्हटलं. पत्त्याशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता. मॅडम, हा कुणाला कळणार नाही ना? मागच्या वेळी माझ्या भावानं ह्यांचा हात मोडला. वैजयंती.'

दुपारी तिनं साहेबांना फोन केला होता. "नियमात असेल ते होऊ दे, उगाच आपल्या गळ्यात नको," म्हणून त्यांनी फोन ठेवला होता. उत्तर थांबवायचं बटण तिच्याकडे नव्हतंच. तक्रारदारानं स्वतः तक्रार मागे घेतली, तरच ते थांबणार होतं.

"मी असं करते," ती युवराजला म्हणाली, "गाणं आत्ता कायमचं काढून टाकते. तुमचं काम झालं. तक्रार मिटवू."

"गानं ऱ्हाऊ द्या हो," युवराज हसला. "आमाला उत्तर पायजे. वकिलानं सांगितलंय, त्यात समदं असतंय."

ज्ञानदाला त्याच्या हसण्याचीच भीती वाटली. ती राजाबाईकडे वळली.

"मावशी, तुम्ही गाणं ऐकलंत?"

"न्हाय की. पोरगं म्हनालं, तुजं गानं कुनीतरी चोरलंय, अंगठा दे. दिला."

"मग तक्रारदाराला एकदा ऐकवावं लागतं." असा नियम कुठंही नव्हता. युवराज काही म्हणायच्या आत तिनं गाणं लावलं.

*हळदीच्या पायानं लेक उंबऱ्यात थांबली,*
*नको बघू मागं बाई, वाट पुढं लांबली...*

पहिल्याच सुराला राजाबाईचा पदरातला हात थांबला. तिचे ओठ हलायला लागले. प्रत्येक ओळ आधी तिच्या ओठांवर येत होती आणि मग गाण्यात. गाणं कुणाचं, हे सांगायला आता कुणाचीच गरज नव्हती.

"मावशी," ज्ञानदा शक्य तितक्या सरळ आवाजात म्हणाली, "हे गाणं तुमचं असेल, तर म्हणणाऱ्या बाईच्या घराचा पत्ता पाच वाजता तुमच्या मुलाच्या मोबाईलवर जाईल. नसेल, तर तक्रार इथंच संपते आणि गाणं ॲपवर पुन्हा दिसायला लागतं. या गाण्यावर परत तक्रार करता येत नाही."

"तिला काय इचारताय?" युवराज उठला. "मी बोलतोय न्हवं!"

"अंगठा त्यांचा आहे."

पाचला चार मिनिटं. राजाबाई मुलाकडे बघत राहिली. मग त्याच्या हातातल्या मोबाईलकडे.

"माजं न्हाय," ती म्हणाली.

"आये! येडी झालीस का? अख्ख्या मंद्रूपला ठावं हाय, तुजं गानं हाय ते!"

"मंद्रूपला काय कळतंय? असलं गानं म्या कदी जोडलंच न्हाय." ती ज्ञानदाकडे वळली. "आन बाई, कुटं अंगठा द्यायचा?"

तक्रार मागे घेतल्याचा कागद ज्ञानदानं दुपारीच छापून ठेवला होता. युवराज टेबलाला वळसा घालून येईपर्यंत राजाबाईनं अंगठा उठवला होता. ज्ञानदानं लगेच नोंद केली.

पाच वाजले. युवराजच्या हातातला मोबाईल वाजला नाही. त्यानं तो दोनदा उघडून बघितला.

"बरं," तो आईजवळ येत हळू आवाजात म्हणाला. "तुजं न्हाय म्हनलीस न्हवं? आता हितनं फुडं कुनाच्या हळदीला ह्ये गानं तुज्या तोंडातनं आलं, तर माज्याशी गाठ हाय."

राजाबाई पदराच्या टोकाला अंगठ्याची शाई पुसत होती.

"न्हाय म्हनत," ती म्हणाली. "म्हननारी हाय की."