सत्यजीतचा नियम

सत्यजीत मुळातच भित्रा गडी. मोबाईलवर पैसे लावून पोकर हा पत्त्यांचा डाव खेळायचा, तेही जीव मुठीत धरून. डावाला थोडेच पैसे घेऊन बसायचं, भारी पानं आली की सगळे एकदम लावायचे आणि वारं फिरतंय असं वाटलं की उठून जायचं, हा त्याचा नियम. बायको चिडली की तिलाही तो हेच ऐकवायचा, "अगं सविता, थोडंच घेऊन बसतो मी. मग भ्यायचं कशाला?"

शेवटी दिवाळीत ती दोन्ही बॅगा भरून दौंडला माहेरी निघून गेली. खेळ सोडल्याची त्यानं शपथ घेतली, सासऱ्यांचे पाय धरले, तेव्हा कुठं ती यायला तयार झाली.

शिरूरच्या स्टँडवर दौंडची एसटी लागली. सविता उतरताना दिसली आणि त्याच्या जिवात जीव आला. बॅगा घ्यायला तो पुढं धावला, तर तिच्या खांद्याला एकच पिशवी.

"बाकीचं सामान कुठं हाय?" त्यानं विचारलं.

 

"तुमचाच नियम हाय न्हवं?" ती म्हणाली. "थोडंच घेऊन बसायचं, म्हंजी कवाबी उठून जाता येतं."