काठोकाठ सार

या मायबापहो, जरा जवळ सरका. गोष्ट इवलीशी आहे. वाटीतलं सार निवायच्या आत संपेल.

कोरियातल्या बुसान शहराच्या डोंगरउतारावरून खाली जाणाऱ्या बसमध्ये दॉकबे मागच्या बाकावर दडून बसला होता. टोपी भुवयांवर, मास्क डोळ्यांपर्यंत. तोही याच मार्गावरचा ड्रायव्हर. आज त्याची सुट्टी. पुढे, ड्रायव्हरच्या पाठीशी, त्याची बायको माल्सून. मांडीवर भांडं. पायथ्याशी राहणारी लेक बाळंत झाली होती, तिच्यासाठी समुद्रशेवाळाचं सार. रोज नवऱ्याची बस सोडून ती मागून येणाऱ्या प्योच्या बसनं जायची. प्यो विधुर, वर हसरा. आज काय ते डोळ्यांनी बघायचं आणि घरी सोक्षमोक्ष लावायचा, असं ठरवूनच दॉकबे चढला होता.

माल्सूननं जांभळा स्कार्फ घेतला होता. त्याच्या बसमध्ये कधी घेतला नव्हता. प्यो आरशात बघून हसला. दॉकबेनं दात करकरा चावले.

"कुठं दुखतंय का, बाबा?" शेजारच्या मासळीवाल्या आजीनं विचारलं.

"दात," तो म्हणाला. मग राहवेना. "ती बाई रोज याच बसनं येते?"

"मग! आधीच्या गाडीत कोण बसणार? तो दॉकबे असा ब्रेक मारतो, की अख्खी गाडी वाकून नमस्कार घालते!"

उतारावरचं शेवटचं वळण आलं आणि गल्लीतून एक स्कूटर सरळ पुढ्यात घुसली. दॉकबेचा उजवा पाय जमिनीवर कचकन दाबला गेला. दोन्ही हातांनी त्यानं पुढची दांडी आवळली.

हिसका बसलाच नाही.

प्योनं वळणाआधीच वेग उतरवला होता, गियर खाली घेतला होता. आता पाय घट्ट रोवला, आणि वेग मरत गेला तसा तो हलके हलके उचलत नेला. चाकं थांबायच्या क्षणी ब्रेकवर पायाचा नुसता स्पर्श उरला होता. आरशाला टांगलेली जपमाळ थोडी पुढे झुकली आणि सरळ लोंबली. भांड्यातलं सार काठापर्यंत आलं, बाहेर डोकावलं, परत फिरलं.

माल्सून नि प्यो एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत.

पायथ्याशी ती उठली. मघाचा "दात" म्हणणारा आवाज तिनं केव्हाच ओळखला होता. मागं न बघताच म्हणाली, "अहो दातवाले, उतरा आता. भांडं धरा. आणि कळलं ना, प्योंचा पाय ब्रेकवर कसा पडतो ते?"

दॉकबेनं मास्क काढला, भांडं घेतलं. लेकीच्या घराकडं उतरती पायवाट होती. पहिलंच पाऊल दणकन पडलं आणि सार बोटांवर सांडलं. चटका बसला. मग प्रत्येक पाऊल टेकता टेकता तो अंग सैल सोडू लागला. माल्सून मागून बघत होती.

एवढंच मागणं आहे. गाडी गचकन थांबली, की ड्रायव्हर सगळ्यांनाच आठवतो. कधी ती थांबली आणि तुम्हाला कळलंच नाही, तर त्या प्योची आठवण काढा.