धुळीचा रकाना

"नव्या औषधाच्या संशोधनात मलाही घ्या, बाई," खडीक्रशरचा मालक धापा टाकत म्हणाला.

दवाखान्यात संशोधनासाठी रुग्णांची नोंद करणाऱ्या शालननं फॉर्म काढला. तिचा बाप याच्याच क्रशरवर खोकून खोकून मेला होता, आणि "आमच्याकडं धूळच नाही, तो बिड्या ओढायचा," असं यानं कोर्टात शपथेवर सांगून हात झटकले होते.

"औषध फक्त धुळीनं फुप्फुसं खराब झालेल्यांना मिळतं, शेठ," ती फॉर्मातल्या धुळीच्या रकान्यावर पेन टेकवत म्हणाली. "तुमच्या क्रशरवर धूळ होती?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग मान खाली घातली. "होती," तो पुटपुटला.

शालननं उठून दार सताड उघडलं. "ऐकू नाही आलं."

"होती! रग्गड होती!"

बाहेर बाकांवर तपासणीसाठी बसलेले त्याचेच पंधरा-वीस कामगार एकदम खोकायचं थांबले.